सेल्फीचा क्षण आणि कोसळलेलं विमान: नेमकं काय घडतं?

३१ मे २०१४. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मध्यरात्रीनंतर उडालेलं छोटं सेसना १५० विमान काही मिनिटांतच कोसळलं. पायलट आणि प्रवासी, दोघांचाही मृत्यू झाला.

अवशेषांजवळ सापडलेल्या गोप्रो कॅमेऱ्यात आधीच्या फेरीचं चित्रण होतं. त्यात विमान वर चढत असताना पायलट फ्लॅश वापरून सेल्फी काढताना दिसला. शेवटच्या फेरीचं चित्रण मिळालं नाही; तरीही मोबाइलमुळे लक्ष विचलित झालं असावं, असं तपास यंत्रणा एनटीएसबीने म्हटलं.

पण तेवढ्याने विमान का पडतं?

अंधारात, ढगांत क्षितिज दिसत नाही. हळूहळू होणारं वळण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळत नाही. विमान कलंडलं तरी सरळच वाटतं. खरं काय ते समोरची उपकरणंच सांगतात. तिथून नजर हटली, की घटलेला वेगही कळत नाही आणि पंखांची उचल अचानक संपते. जमीन जवळ असेल, तर सावरायला वेळच उरत नाही.