अर्धे आकाश आणि कचेरीचा जिना

चीनमधल्या स्त्रियांविषयी कोणी बोलू लागले की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘अर्धे आकाश स्त्रियांनी तोलून धरले आहे.’ हे वाक्य माओच्या नावावर सांगितले जाते आणि कित्येक दशके ते तिथल्या भिंतींवर, भित्तिपत्रकांवर आणि भाषणांत वावरते आहे. मी कविता लिहिणारा माणूस. मला ही प्रतिमा आवडते. पण प्रतिमा आवडली म्हणून तिची शहानिशा करायची नाही, असे थोडेच आहे? आकाश तोलणारे हे हात कचेरीत कितव्या मजल्यापर्यंत पोहोचतात? आणि त्यांना वर चढता यावे म्हणून तिथल्या कंपन्यांमध्ये जे महिला गट निघाले आहेत, ते नेमके काय करतात? आज याविषयी बोलायचे आहे.

विषय परका वाटायचे कारण नाही. पुण्याजवळ रांजणगावला हायरचा कारखाना आहे, चाकणला सॅनीचा आहे. चिनी कंपन्यांची कामाची रीत आता आपल्या मुलामुलींच्याही परिचयाची होऊ लागली आहे.

आधी थोडा इतिहास. १९४९ साली नवे सरकार आले, त्याच वर्षी अखिल चीन महिला महासंघ स्थापन झाला. १९५० च्या विवाह कायद्याने सक्तीची लग्ने आणि उपपत्नी ठेवण्याची चाल बंद केली. शहरांतल्या सरकारी कारखान्यांत आणि कचेऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला लागल्या. त्या जागेला ‘दानवेई’ म्हणत. दानवेई म्हणजे नुसती नोकरी नव्हे. राहायला घर, जेवायला खाणावळ, आजारपणाला दवाखाना आणि लेकरांना पाळणाघर, सारे तिथेच. या नोकरीला लोक ‘लोखंडी भाताचा वाडगा’ म्हणत, कारण तो फुटत नसे. घरातली धुणीभांडी तेव्हाही बाईच्याच वाट्याला होती, पण मूल कुठे ठेवायचे हा प्रश्न तिला छळत नव्हता.

पुढे वाडगा फुटला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरकारी उद्योगांची फेररचना झाली आणि दोन कोटींहून अधिक कामगार घरी बसले. कामगारांमध्ये स्त्रियांचे जे प्रमाण होते, त्याहून कामावरून कमी केलेल्यांत ते जास्त होते. पाळणाघरेही बंद होत गेली. १९९० साली चीनमधल्या सुमारे ७३ टक्के प्रौढ स्त्रिया कमावत्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या. अलीकडे हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास उतरले आहे. जगाच्या मानाने ते आजही चांगलेच आहे. पण उतार तो उतारच.

इथे मला शब्दांकडे वळल्यावाचून राहवत नाही. चिनी लिपीत ‘पुरुष’ हे अक्षर दोन चिन्हांनी बनते, शेत आणि बळ. ‘शांती’ या अर्थाचे अक्षर म्हणजे छप्पर आणि त्याखाली बाई. बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच उच्चार, ‘ता’. लिहिण्यातही दोघांना एकच अक्षर पुरत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिऊ बान्नोंग या कवीने ‘ती’साठी वेगळे अक्षर वापरण्याचा आग्रह धरला, १९२० साली त्यावर कविताही लिहिली आणि ते अक्षर रूढ झाले. एका कवीने भाषेत ‘ती’ला जागा करून दिली, याचे मला फार अप्रूप वाटते. पण भाषा देते तशी हिरावूनही घेते. शिकलेल्या, कमावत्या, पण सत्ताविशी उलटूनही लग्न न झालेल्या मुलीला अलीकडच्या काळात ‘शेंगन्यू’, म्हणजे ‘उरलेली बाई’, म्हणू लागले. २००७ साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने नव्या शब्दांच्या यादीत हा शब्द घेतला. ताटात अन्न उरते तशी बाई उरली!

आता कचेरीत शिरू. मुलाखतीला गेलेल्या मुलीला पहिला प्रश्न: लग्न झाले का? झाले असेल तर दुसरा: मूल कधी? एकच मूल जन्माला घालायचे धोरण होते तोवर मालकाचा हिशेब सोपा होता. एक बाळंतपण झाले की बाई ‘मोकळी’. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलांना परवानगी मिळाली, आणि मालकांच्या मनात एकाऐवजी तीन रजा उभ्या राहिल्या. प्रसूती रजा देशभर किमान ९८ दिवसांची आहे, अनेक प्रांतांत त्याहून मोठी. सरकारला मुले हवी आहेत, कारण २०१६ साली पावणेदोन कोटींहून अधिक जन्म झाले होते, ते २०२३ मध्ये नव्वद लाखांवर आले. मात्र रजेची झळ लागेल म्हणून कंपनी मुलीला दारातच अडवते. सरकारची इच्छा आणि मालकाची धास्ती, दोन्हींचे ओझे तिच्या एकटीच्या खांद्यावर.

आत गेल्यावर दुसरी भिंत. चीनमध्ये धंद्याचे संबंध जेवणाच्या गोल टेबलाभोवती, बायच्यू नावाच्या कडक दारूच्या पेल्यांवर जुळतात. वरिष्ठाने पेला उचलला की कनिष्ठाने रिकामा करायचा. बाईने नकार दिला तर ती ‘आपल्यातली नाही’, आणि होकार दिला तर तिच्याविषयी कुजबूज. २०२१ साली अलिबाबा या बड्या कंपनीतल्या एका महिला कर्मचाऱ्याने, कामाच्या दौऱ्यात अशाच बैठकीनंतर अत्याचार झाल्याचा आरोप केला. पुढे तिच्या वरिष्ठावर सरकारी वकिलांनी खटला भरला नाही; पण सक्तीने दारू पाजण्याच्या रिवाजाला आपला विरोध आहे, असे कंपनीला जाहीर करावे लागले आणि देशभर या रिवाजाची चर्चा झाली.

तिसरी भिंत वेळेची. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणून या पद्धतीचे नाव ‘नऊ-नऊ-सहा’. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, तरी सवय एका निकालाने जात नाही. आणि चौथी भिंत निवृत्तीची. पुरुष साठाव्या वर्षी, कचेरीतली बाई पंचावन्नाव्या, कारखान्यातली पन्नासाव्या वर्षी घरी. मोठ्या पदाची वेळ येते तेव्हा बाईची वर्षे संपत आलेली. १ जानेवारी २०२५ पासून हे वय हळूहळू वाढू लागले आहे. पंधरा वर्षांत ते अनुक्रमे ६३, ५८ आणि ५५ होईल. कारखान्यातल्या बाईचे पुरुषांशी असलेले अंतर थोडे कमी होईल, कचेरीतल्या बाईचे मात्र तेवढेच राहील.

या भिंतींना शिडी लावायचे काम महिला गट करू पाहतात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला सरकारी परंपरेतला. तिथल्या कामगार संघटना कायद्यात अशी सोय आहे की, जिथे स्त्रिया पुष्कळ तिथे संघटनेत महिला कामगारांची समिती करता येते आणि थोड्या असतील तर संघटनेच्या समितीत एक महिला सदस्य घेता येते. ८ मार्चला फुले वाटण्यापलीकडे काही समित्या जात नाहीत. पण शांघायमध्ये कामगार संघटनेने २०१३ पासून कचेऱ्यांमध्ये तान्ह्या बाळांच्या आयांसाठी छोट्या खोल्या उभ्या करण्याची मोहीम काढली. दूध काढायला स्वच्छतागृहात लपावे लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा प्रकार परदेशी कंपन्यांबरोबर आला. बीजिंग-शांघायच्या बहुराष्ट्रीय कचेऱ्यांत महिला कर्मचाऱ्यांचे गट असतात. एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा हात त्यांच्या पाठीवर असतो, थोडा निधी असतो. तिसरा प्रकार कंपनीबाहेरचा. शेरिल सँडबर्ग यांचे स्त्रियांच्या नोकरीविषयीचे पुस्तक २०१३ साली गाजले आणि त्याच सुमारास चिनी शहरांत वेगवेगळ्या कंपन्यांतल्या तरुणींची छोटी मंडळे जमू लागली. महिन्यातून एकदा आठ-दहा जणींनी भेटायचे, पगारवाढ कशी मागायची, बैठकीत आपले म्हणणे कसे रेटायचे, हे एकमेकींना सांगायचे.

हे ऐकताना मला आमच्या मोहल्ल्यातली भिशी आठवते. अम्मी ती चालवायची. वरवर पाहता दरमहा पैसे गोळा करून चिठ्ठी काढणे एवढेच. खरे म्हणजे कोणाचा नवरा कामावर जात नाही, कोणाच्या मुलीची फी थकली आहे, कुठे शिवणकाम मिळते, ही सगळी माहिती तिथे फिरायची. पुरुषांना अशी माहिती चहाच्या टपरीवर फुकट मिळते. बायकांना त्यासाठी मंडळ काढावे लागते. चीनमध्ये पुरुषांची टपरी म्हणजे ते गोल टेबल. महिला गट म्हणजे पेल्यांवाचूनचे दुसरे टेबल.

चीनच्या मातीत असे टेबल नवे नाही. दक्षिणेत, मोती नदीच्या त्रिभुज प्रदेशात, रेशमाच्या गिरण्यांमध्ये सूत काढणाऱ्या कित्येक मुली केस स्वतःच्या हाताने वर बांधून ‘लग्न करणार नाही’ अशी शपथ घेत. स्वतः कमवत, एकत्र राहत, म्हातारपणी एकमेकींना सांभाळत. शुन्द भागात त्यांचे ‘बिंग्यू थांग’ नावाचे घर आजही संग्रहालय म्हणून उभे आहे. सिंगापुरात घरकाम करून साठवलेल्या पैशांतून बायकांनी ते बांधले. पगार हातात आला की बाई पहिल्यांदा सोबत शोधते, ही गोष्ट परदेशी पुस्तकाने शिकवायची गरज नव्हती.

मग प्रश्न असा, की कायदा असताना गट कशाला? कायदा खरोखरच आहे. १९९२ चा स्त्रीहक्क संरक्षण कायदा नव्याने लिहिला गेला आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. नोकरी देताना लग्नामुलांची चौकशी करायची नाही, गर्भचाचणी करायची नाही, लैंगिक छळ रोखण्याची व्यवस्था मालकाने करायची, असे तो सांगतो. पण न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्याच्या हाती काय पडते? २०१४ साली हांगचौमध्ये एका पदवीधर मुलीला पाककला शिकवणाऱ्या संस्थेने, ‘जागा पुरुषासाठी आहे’ म्हणून नोकरी नाकारली. ती लढली, जिंकली. भरपाई मिळाली २००० युआन, म्हणजे एका पगाराच्याही आतबाहेर. शिवाय ‘कटकटी’ म्हणून नाव पडते ते वेगळेच.

आणि रस्त्यावर उतरायची वाट जवळजवळ बंद आहे. मार्च २०१५ मध्ये सार्वजनिक वाहनांतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटण्याची तयारी करणाऱ्या पाच तरुणींना ३७ दिवस कोठडीत ठेवले. गुओ जिआनमेई या वकील बाईंनी १९९५ पासून उभे केलेले बीजिंगचे स्त्रियांसाठीचे कायदा केंद्र २०१६ च्या सुरुवातीला बंद करावे लागले. म्हणूनच कचेरीतले गट ‘हक्क’ हा शब्द जपून वापरतात. ते ‘प्रगती’, ‘नेतृत्व’, ‘मार्गदर्शन’ असे बोलतात. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या खोलीत मोठ्याने बोलता येत नाही तिथे हळू बोलणारेही काही सांगतच असतात. मात्र हळू बोलण्याची मर्यादा आहे. गट एखादीला मुलाखतीसाठी तयार करील; मुलाखतीतला प्रश्नच बेकायदा आहे हे अधिकाऱ्याच्या तोंडावर सांगणे त्याला जड जाते.

खरा फरक कशाने पडतो, याचा एक चांगला दाखला प्रवासाची तिकिटे विकणाऱ्या चिनी कंपनीत मिळतो. पूर्वी तिचे नाव सीट्रिप, आता ट्रिप डॉट कॉम. जेन सुन या बाई २०१६ पासून तिच्या मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत. २०१०-११ मध्ये तिथे शांघायच्या कॉल सेंटरमधल्या काही जणांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. काम १३ टक्क्यांनी सुधारले, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण एक गोम निघाली. तेवढ्याच चांगल्या कामाला घरी बसणाऱ्यांना बढती कमी मिळाली. डोळ्यांआड ते मनाआड! पुढे २०२१-२२ मध्ये १६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला. यात घरून काम दोनच दिवस, बाकी दिवस कचेरीत. राजीनामे एकतृतीयांशाने घटले, विशेषतः स्त्रियांचे आणि लांबून येणाऱ्यांचे; आणि या वेळी बढतीला धक्का लागला नाही. हे निष्कर्ष २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

यातून मला जे समजते ते असे. बाईला धीट बनवणारी शिबिरे चांगलीच. पण कामाचे वेळापत्रक बदलले तर बाईला मुळात एवढे धीट व्हावे लागत नाही. आणि ही सवलत फक्त बायकांना दिली असती तर ती त्यांच्यावर शिक्का होऊन बसली असती. पुरुषांनाही दिली, म्हणून ती रीत झाली.

एकट्या बाईच्या यशाने हे साधत नाही. ग्री कंपनीत १९९० साली विक्रेती म्हणून लागलेल्या दोंग मिंगझू २०१२ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. हुनान प्रांतातल्या खेड्यातून येऊन शेनचेनला घड्याळाच्या काचा घासणाऱ्या झोऊ चुनफेई यांनी मोबाइलच्या काचांचा प्रचंड उद्योग उभारला. त्यांना सलाम. पण २०२२ साली कम्युनिस्ट पक्षाच्या २४ जणांच्या पॉलिटब्युरोत पंचवीस वर्षांत प्रथमच एकही बाई नव्हती, हेही त्याच देशातले सत्य आहे. आणि झोऊबाईंसारख्या ज्या लाखो मुली आजही यंत्रापुढे उभ्या आहेत, त्यांच्यापर्यंत वातानुकूलित कचेरीतले गट अजून फारसे पोहोचलेले नाहीत.

तेव्हा कुठल्याही कंपनीतला महिला गट खरा की शोभेचा, हे ओळखायला मी तीन प्रश्न विचारीन. बाळंतपणाहून परतलेल्या बाईला तीच खुर्ची मिळाली का? गटाच्या बैठकीला पुरुष अधिकारी आले का, आणि भाषण करायला की ऐकायला? आणि फरशी पुसणाऱ्या, काचा घासणाऱ्या बाईला तिथे बसायला जागा होती का? हे प्रश्न शांघायला लागू आहेत, तसेच चाकणलाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)