शास्त्रज्ञांच्या आठवणी आणि कागदपत्रांची साक्ष

शास्त्रीय नियतकालिकातील निबंध वाचला असता लेखकाने काय सिद्ध केले, हे समजते. परंतु तो त्या प्रश्नाकडे का वळला, कोणत्या वाटा त्याला सोडून द्याव्या लागल्या, कोणाच्या शब्दाने त्याला धीर आला, यांचा त्या निबंधात मागमूस नसतो. या गोष्टी बहुधा त्याच्या स्मृतीतच राहतात आणि त्याच्याबरोबरच लोपतात.

पुंजसिद्धान्ताच्या बाबतीत ही हानी डोळ्यांदेखत होत होती. प्लांक १९४७ मध्ये, आइन्स्टाइन १९५५ मध्ये, पाउली १९५८ मध्ये आणि श्रोडिंगर जानेवारी १९६१ मध्ये निवर्तले. म्हणून या सिद्धान्ताच्या हयात शिल्पकारांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा उपक्रम अमेरिकेत १९६१ साली हाती घेण्यात आला. इतिहासकार टॉमस कून हे त्याचे प्रमुख होते. १९६४ पर्यंत शंभराच्या आसपास व्यक्तींशी अशी संभाषणे झाली. जुनी पत्रे व हस्तलिखिते यांचाही त्याच वेळी शोध घेण्यात आला.

नील्स बोर यांच्याशी पहिली बैठक ३१ ऑक्टोबर १९६२ रोजी कोपनहेगन येथे झाली, तर पाचवी १७ नोव्हेंबरला. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ७७ व्या वर्षी, बोर यांचे निधन झाले. सहावी बैठक होऊ शकली नाही.

येथे वाचकाच्या मनात शंका उद्भवेल. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण कितपत विश्वसनीय मानावी? बोर यांच्याच चरित्रातील एक उदाहरण पाहू. हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचा परस्परसंबंध दाखविणारे सूत्र बामर यांनी १८८५ मध्येच मांडले होते. हान्सेन या सहकाऱ्याने लक्ष वेधीपर्यंत ते सूत्र आपल्या विचारात नव्हते, असे बोर सांगत. आता पत्रव्यवहार पाहावा. ३१ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी रदरफर्ड यांना लिहिले की, दृश्य वर्णपटातील रेषांच्या गणिताला आपण हातच घातलेला नाही. ६ मार्चला त्यांनी रदरफर्ड यांच्याकडे जो निबंध धाडला, त्यात मात्र त्याच सूत्राची उपपत्ती होती. म्हणजे हे परिवर्तन पाच आठवड्यांच्या आत घडले. येथे स्मृती व कागद परस्परांना दुजोरा देतात.

सर्वत्र मात्र कागद पुरेसा पडत नाही. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांची गोष्ट पाहा. श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला वरची मर्यादा असते, हा त्यांचा निष्कर्ष होय. आज ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची जाहीर टर उडविली. चंद्रशेखर त्या वेळी अवघे २४ वर्षांचे होते. १९३९ मध्ये ताऱ्यांच्या अंतर्रचनेवरील त्यांचा ग्रंथ निघाला आणि ते ताऱ्यांच्या गतीच्या अभ्यासाकडे वळले. एवढे त्यांच्या लेखनाच्या सूचीवरून कळते, पण कारण कळत नाही. ते कारण १९७७ मध्ये स्पेन्सर वीर्ट यांनी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्ससाठी घेतलेल्या मुलाखतीत मिळते. जन्मभर वाद घालीत बसावे की आपले म्हणणे ग्रंथात मांडून नवे क्षेत्र धरावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

अर्थात ४२ वर्षांनी सांगितलेला हेतू हाही पुराव्याचा केवळ एक भाग होय. समकालीन पत्रांशी तो ताडून पाहणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते. म्हणूनच मुलाखतकाराने आधी कागदपत्रे वाचावीत, मग प्रश्न योजावेत आणि उत्तर जसेच्या तसे नोंदवावे. आपल्या देशातही प्रयोगशाळा, वेधशाळा व विद्यापीठे उभारणारी माणसे आज वृद्ध झाली आहेत. त्यांची पत्रे कपाटात काही काळ टिकतील. त्यांच्याशी बोलण्याची संधी मात्र तितका काळ थांबणार नाही.