गाठ कर्करोगासारखी, जिवाणू तोंडातला

ओटीपोटात घट्ट गाठ, उतरलेले वजन, अधूनमधून बारीक ताप. सीटी स्कॅनमध्ये गाठ आतड्याला आणि मूत्राशयाला चिकटलेली दिसते, रक्तातले सीए-१२५ हे कर्करोगसूचक प्रथिन वाढलेले. अंडाशयाचा कर्करोग धरून शस्त्रक्रिया होते आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात निघतात अ‍ॅक्टिनोमायसिस या जिवाणूचे तंतू.

हा जिवाणू बाहेरून येत नाही. तोंडात, आतड्यात, स्त्रियांच्या जननमार्गात तो निरुपद्रवीपणे नांदत असतो. किडका दात, फुटलेले अपेंडिक्स किंवा वर्षानुवर्षे न बदललेली तांबी यांमुळे अस्तराला इजा झाली, की त्याला वाट मिळते. जेम्स इझ्राएल यांनी १८७८ मध्ये बर्लिनमध्ये माणसांतला हा आजार नोंदवला. त्याच्या आदल्याच वर्षी तो गुरांच्या सुजलेल्या जबड्यात ओळखला गेला होता.

बहुतेक जंतुसंसर्ग अवयवांच्या सीमा पाळतात. हा पाळत नाही. शेजारचे ऊतक पोखरत पुढे सरकतो, भोवती कठीण तंतुमय कवच तयार होते. पेट स्कॅनही इथे फसतो. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात म्हणून तिथे चकाकतात. पण जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही तितक्याच खादाड! सीए-१२५ तर पोटाच्या आतल्या पडद्याला सूज आली तरी चढते. पोटाच्या क्षयातही ते वाढते, त्यामुळे आपल्याकडे डॉक्टर आधी क्षयाची शंका घेतात, आणि ते योग्यच आहे.

मग सुईने तुकडा का काढू नये? काढतात, पण सुई अनेकदा नुसत्या कवचात शिरते. जिवाणूंचे पिवळसर दाणे विरळ असतात, ते हुकतात. शिवाय तुकडा सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, तिथे जिवाणू मरतात आणि कल्चरचा प्रश्नच मिटतो. एक तुकडा फॉर्मॅलिनशिवाय, हवा न लागू देता, मायक्रोबायोलॉजीकडे पाठवावा लागतो. तिथेही वाढ दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. त्याआधी रुग्णाने अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेतल्या असतील, तर तेही कठीण.

निदान झाले, तर औषध जुनेच आहे: पेनिसिलिन. आधी काही आठवडे शिरेतून, मग गोळ्या, बहुधा सहा ते बारा महिने. मोठ्या गाठीही कित्येकदा शस्त्रक्रियेविना विरतात.

उलटी फसगतही होते. तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेत हेच जिवाणू येऊन वस्ती करतात. म्हणून तंबाखू खाणाऱ्याच्या गालातल्या व्रणात ते सापडले, तरी कर्करोगाची शंका फिटत नाही. औषधाने व्रण भरला नाही, तर दुसऱ्यांदा तुकडा काढावाच लागतो.