वाऱ्यावर थंड होणारे इंजिन

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नसतो. आत पेट्रोल पेटते तेव्हा तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांनाच वितळते. तरीही सिलिंडरचा हेड शाबूत राहतो, कारण त्याच्यावरच्या पातळ पट्ट्या उष्णता वाऱ्याला देत असतात.

ही व्यवस्था कुठे अपुरी पडते, ते कोकणातून फोंडा घाट चढून दाजीपूरमार्गे राधानगरीला येणाऱ्या मोटारसायकलवर चांगले कळते. चढावर गिअर खालचा, इंजिनाचे फेरे जास्त आणि गाडीचा वेग कमी. म्हणजे उष्णता सर्वाधिक, वारा सर्वांत कमी. त्यात पट्ट्यांमध्ये लाल चिखल वाळून बसला, की हवेची वाटच बुजते. त्या खरवडून साफ ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे मात्र घातक. धातू एकदम आकसून तडा जाऊ शकतो.

शर्यतीच्या मोटारीत इंजिन सीटमागे झाकलेले असते, म्हणून वारा ओढून आणावा लागतो. १९७० साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या पोर्शे ९१७ मध्ये बारा सिलिंडरांच्या डोक्यावर आडवा पंखा होता. पंख्याइतकेच महत्त्व भोवतालच्या आवरणाला असते. त्यात फट राहिली, तर हवा पट्ट्यांना न भिडताच निसटते. उरलेली बरीच उष्णता ऑइल वाहून नेते. त्यासाठी वेगळा ऑइल कूलर बसवतात. मिश्रणात पेट्रोल कमी पडले, तरीही हेड तापतो. म्हणून शर्यतीत ते किंचित जास्तच ठेवतात.