तोंडाला रुमाल बांधला, म्हणजे झालं का?



पाठीवर पंप, तोंडाला उपरणं, आणि मनात समाधान, की आता औषध काही आपल्या नाकात जात नाही. हे समाधान फसवं आहे. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. म्हणून कोणता मास्क कशाला चालतो, ते आज समजून घेऊ.

रुमाल किंवा उपरणं : जाड धूळ थोडीफार अडते. औषधाचा बारीक तुषार आणि वाफ आरपार जाते. शिवाय फडकं औषधानं भिजलं, की विष नाकाशीच बांधल्यासारखं होतं.

निळा तीन पदरी मास्क : २०२० साली करोनात घरोघरी आला तो. समोरच्याच्या अंगावर थुंकीचे शिंतोडे उडू नयेत, यासाठी तो आहे. कडेनं सैल असतो. फवारणीला उपयोगाचा नाही.

एन-९५ : चेहऱ्याला घट्ट बसला तर बारीक कण शेकडा ९५ पर्यंत अडवतो. मळणीयंत्राची धूळ, बुरशी लागलेला कडबा हलवणे, या कामांना उत्तम. दाढी वाढलेली असली तर मात्र फटीतून हवा शिरते. औषधाची वाफ यानंही अडत नाही.

कोळशाची डबी लावलेला मास्क : वाफ अडवतो तो हाच. डबीची मुदत पाहा. वापरताना औषधाचा वास येऊ लागला, की डबी संपली समजा आणि बदला.

आता महत्त्वाची गोष्ट. फवारताना बरंचसं विष नाकातून नव्हे, कातडीतून अंगात भिनतं. पंप गळून पाठ भिजते, औषध कालवताना हात भिजतात. तेव्हा हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, गॉगल हवेच. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. डोकं दुखलं, मळमळलं, घाम सुटला, अंधुक दिसू लागलं, तर काम तिथंच थांबवा. भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.

वापरलेल्या मास्कचं काय? निळा मास्क आणि एन-९५ कापडासारखे दिसतात, पण ते प्लॅस्टिकचे असतात. उकिरड्यात कुजत नाहीत. त्यांचे बारीक धागे होऊन शेणखताबरोबर रानात जातात. बांधावर टाकले तर जनावर चाऱ्याबरोबर गिळतं, आणि ते पोटात पचत नाही. चुलीत जाळू नका, ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. दोऱ्या कापा, कागदात गुंडाळा, ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत सुका कचरा म्हणून वेगळा द्या. औषध लागलेला मास्क मात्र या कचऱ्यात नको. तो रिकाम्या बाटल्यांबरोबर पोरांच्या हाती लागणार नाही असा कुलपात ठेवा, आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची ते कृषी खात्याच्या माणसाला विचारा. फडकं वापरलं असेल तर घरच्या कपड्यांत धुऊ नका.

आणि एक सांगणं. मालकाला मास्क आणि गड्याला उघडं तोंड, असं करू नका. विष दोघांनाही सारखंच बाधतं. ही पत्रिका फवारणीला जाणाऱ्या गड्याला वाचून दाखवा.