विमानातून आलेल्या गायी

वाळवंटातला देश. खिशात पैसा भरपूर, पण ताटातलं जवळपास सगळं बाहेरून आलेलं. अशा देशानं उद्याच्या, परवाच्या, वीस वर्षांनंतरच्या जेवणाची सोय करायची कशी? कतारला हे एका सकाळीत शिकावं लागलं. शेजारचा सौदी तर आधीच एक महागडा धडा शिकून बसला होता. आणि या गोष्टीत आपला कांदाही आहे बरं का!

तुमच्या ओळखीचं कुणीतरी गल्फमध्ये असणारच. कोकणातले असाल तर विचारायलाच नको, चार घरं सोडली की एक 'दुबईवाला' नाहीतर 'कतारवाला' भेटतोच. तर आता असं समजा की तुम्हीच तिथं आहात. दोहात. तारीख ५ जून २०१७, वार सोमवार. रमजानचा महिना. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन. सकाळी उठून मोबाइल बघता तर बातमी, सौदी अरेबिया, यूएई, बहरीन आणि इजिप्त या चार देशांनी कतारशी संबंध तोडले. सौदीची सीमा बंद.

राजकारण काय ते नंतर बघू म्हणत तुम्ही आधी सुपरमार्केट गाठता. तिथं तुमच्यासारखेच शेकडो लोक. ट्रॉल्या भरभरून तांदूळ, अंडी, पाण्याच्या बाटल्या, कोंबडी. आणि दुधाचं कपाट बघाल तर रिकामं.

दूधच का? कारण नकाशा बघा. कतारला जमिनीवरून बाहेर पडायला एकच वाट आहे, ती सौदीतून. देशात येणाऱ्या अन्नापैकी साधारण ४० टक्के माल याच एका रस्त्यानं ट्रकमधून यायचा. दूध, दही, लबान (म्हणजे आपलं ताकच समजा), यातलं बरंचसं सौदीच्या डेऱ्यांचं. बरं, समुद्रानं यायचं त्यातलंही पुष्कळ सामान आधी दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरायचं आणि तिथून छोट्या जहाजांनी दोहाला जायचं. म्हणजे पुढचं दार लागलं, तेव्हाच मागच्या दाराचीही कडी लागली.

दरडोई उत्पन्नात जगातल्या पहिल्या काही देशांत बसणारा हा देश. पण त्या दिवशी पैसा असून उपयोग नव्हता. प्रश्न होता, माल येणार कुठून?

तो आला. तुर्कस्ताननं विमानं भरून दूध-दही पाठवलं, इराणमधून भाजीपाला आला. ओमाननं आपलं सोहार बंदर वापरू दिलं. आणि त्याच उन्हाळ्यात कतारच्या हमाद बंदरापासून थेट भारतापर्यंत कंटेनर जहाजांची सेवा सुरू झाली. गुजरातचं मुंद्रा आणि आपलं न्हावाशेवा. म्हणजे उरणच्या धक्क्यावरून निघालेला कंटेनर दुबईला न थांबता दोहाला जायला लागला.

आणि मग जुलैत आल्या गायी. त्याही विमानानं!

खरंच. कतार एअरवेजच्या मालवाहू विमानातून १६५ होल्स्टीन गायींचा पहिला जथ्था उतरला. होल्स्टीन म्हणजे आपल्याकडे गोठ्यात ज्यांना 'एचएफ' म्हणतात त्या काळ्या-पांढऱ्या. दोहाच्या उत्तरेला अल खोर भागात 'बलदना' नावाचा फार्म आहे. या अरबी शब्दाचा अर्थ 'आपला देश'. आधी तिथं मुख्यतः शेळ्या-मेंढ्या होत्या. आता मोठमोठे गोठे उभे राहिले. पंखे आणि पाण्याचे फवारे लावून आत गारवा, बाहेर वाळू. पुढच्या काही वर्षांत गायींची संख्या २० हजारांच्या वर गेली. कंपनी शेअर बाजारात आली, देशाला पुरून उरेल इतकं दूध निघायला लागलं आणि चक्क निर्यातही झाली. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली तेव्हा कतारला शेजाऱ्याच्या दुधाची गरज उरलेली नव्हती.

इथं बहुतेक व्हिडिओ संपतात. मागे जोशपूर्ण म्युझिक, 'आत्मनिर्भर कतार' वगैरे.

पण गोठा असलेल्या घरातलं कुणी हे वाचत असेल, तर त्याच्या डोक्यात एकच प्रश्न आला असेल. एवढ्या गायी खातात काय?

बरोबर! चारा. तो बहुतांशी जहाजानं परदेशातून येतो. पाणी समुद्राचं, यंत्रानं गोडं केलेलं. ते यंत्र आणि गोठ्यातला गारवा दोन्ही चालतं देशातल्या नैसर्गिक वायूवर. मग हे कसलं स्वयंपूर्ण? दुधाऐवजी चारा आयात केला, इतकंच ना?

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण नीट बघितलं की यातली मेख कळते. ताजं दूध साठवता येत नाही. ते रोज यावं लागतं आणि जवळूनच यावं लागतं. म्हणजे ज्याच्याकडून येतं त्याच्या हातात तुमची मान. वाळलेला चारा तसा नाही. त्याच्या गासड्या महिनोन्महिने रचून ठेवता येतात. अमेरिकेनं नाही दिला तर युरोपातून आणा, तिथून नाही तर आणखी कुठून. कतार कुणावर तरी अवलंबून होता तो राहिलाच. फक्त एकाच शेजाऱ्यावर रोजच्या रोज टेकून राहणं संपलं. त्याच जोडीला हमाद बंदराजवळ तांदूळ, साखर, खाद्यतेलाच्या साठ्याची सोय उभी राहायला लागली. पिण्याच्या पाण्याच्या प्रचंड टाक्या बांधल्या, सात दिवस पुरेल असा साठा धरून. हे फोटोत गायींइतकं छान दिसत नाही. पण माझ्या मते खरं काम हेच.

सौदीची बोअर

'सगळं आपणच पिकवू' हा प्रयोग करून झालाय. सौदी अरेबियानं केला, तोही गव्हाचा.

१९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला. सोबत भीतीही आली, की आपण तेल अडवू शकतो तर उद्या कुणी आपलं धान्य अडवलं तर? मग सरकारनं ठरवलं, वाळवंटात गहू. शेतकऱ्याकडून जागतिक भावाच्या कितीतरी पटीनं जास्त दर देऊन गहू विकत घेतला. विहिरी खोल खणल्या. गोल फिरणारे लांबलचक फवारे लावले, त्यामुळे वाळूत हिरव्या बांगड्या मांडल्यासारखी शेतं उभी राहिली. उपग्रहाच्या फोटोत आजही दिसतात, शोधून बघा. १९८० च्या दशकात देश गव्हात स्वयंपूर्ण झाला. १९९० च्या सुरुवातीला वर्षाला ४० लाख टनांच्या आसपास गहू काढून जगातल्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसला. वाळवंट गहू विकतंय, काय चमत्कार!

चमत्कार कुठून येत होता? जमिनीखालून. ते पाणी हजारो वर्षांपूर्वी, तिथं पाऊस पडत होता तेव्हा मुरलेलं. पुन्हा भरून येणार नाही असं. मराठवाड्यात ज्याच्या वावरात बोअर आहे त्याला पुढचं सांगायला नको. शंभर फूट, तीनशे फूट, पाचशे फूट आणि मग नुसता फुफाटा. २००८ मध्ये सौदी सरकारनं हात टेकले. गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्यानं कमी करत २०१६ पर्यंत थांबवली. पुढं मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू केली, पण निर्यातीचे दिवस गेले ते गेले. अन्नाच्या सुरक्षेसाठी पाण्याची पुंजी विकून टाकली होती. आणि ती गव्हाच्या भावात!

टोनी ॲलन नावाच्या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञानं याच भागाचा अभ्यास करताना १९९० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली. एक किलो गहू पिकवायला हजार लिटरहून जास्त पाणी लागतं. म्हणजे कोरडा देश एक किलो गहू विकत घेतो तेव्हा तो हजार लिटर पाणीच घेत असतो, फक्त ते पोत्यातून येतं. याला तो 'आभासी पाणी' म्हणाला. पुढं त्याला स्टॉकहोम वॉटर प्राइज मिळालं. हे डोक्यात ठेवलं की 'आयात म्हणजे कमजोरी' हे वाक्य तितकंसं खरं वाटत नाही. कोरड्या देशानं गहू आयात करणं हाच शहाणपणा आहे. धोका आहे तो एकाच दारावर भिस्त ठेवण्यात.

आणि दारं बंद होतात. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले, तेव्हा भारतासह अनेक देशांनी तांदळाच्या निर्यातीला कुलूप लावलं. गल्फच्या लोकांना कळलं की पैसे मोजायला तयार असलो तरी समोरचा 'नाही' म्हणू शकतो. मग त्यांनी परदेशात जमिनीच घ्यायला सुरुवात केली. एका मोठ्या सौदी डेअरी कंपनीनं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात जवळपास १० हजार एकर जमीन घेतली, गायींसाठी लसूणघास पिकवायला. ॲरिझोनासुद्धा वाळवंटच! शिवाय तिथली सरकारी जमीन भाड्यानं घेतली. आजूबाजूचे लोक ओरडायला लागले की आमच्या विहिरी आटताहेत आणि आमचं पाणी गवताच्या गासड्यांतून समुद्रापार चाललंय. २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरनं सरकारी जमिनीचा एक भाडेकरार रद्द केला आणि बाकीचे वाढवणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या घरातलं दार आपलं होत नाही ते असं.

मग दुबईच्या त्या चकाचक शेतीचं काय? रील पाहिलं असेल तुम्ही. जांभळट दिव्यांखाली मजल्यावर मजले लेट्यूस. दुबईत अल मक्तूम विमानतळाजवळ २०२२ मध्ये असं एक भलंमोठं व्हर्टिकल फार्म सुरू झालं. वर्षाला १० लाख किलोच्या वर पालेभाजी, तीही अगदी थोड्या पाण्यात. भारीच आहे. पण यूएईची लोकसंख्या साधारण एक कोटी. करा भागाकार. माणशी वर्षाला १०० ग्रॅम! कोशिंबिरीची एक वाटी. पोट भरतं ते गहू-तांदळावर आणि ते दिव्याखाली पिकवणं परवडत नाही. मला त्यापेक्षा दुबईतलीच एक दुसरी संस्था जास्त आवडते. १९९९ पासून ती खाऱ्या पाण्यावर, खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पिकांवर काम करते. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या कृषीच्या मुलांनी तिच्याकडे जरूर लक्ष ठेवावं.

आता जरा आपल्याकडे बघू. कारण या सगळ्यात आपणही एक दार आहोत.

मे २०२२ मध्ये भारतानं गव्हाची निर्यात थांबवली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची. इकडे भाव पडले, शेतकरी चांदवडला रस्त्यावर उतरले. तिकडे दुबईच्या बाजारात कांदा महागला. मार्च २०२४ मध्ये दोन सरकारांमधल्या खास परवानगीनं यूएईला १४,४०० टन कांदा द्यायचं ठरलं. सगळ्यांसाठी बंदी उठली ती मे महिन्यात, तीही किमान दर आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर. इथल्या ग्राहकाचा विचार सरकारला करावा लागतो, मान्य. पण दुबईच्या व्यापाऱ्याच्या जागी बसून बघा ना. दर एक-दोन वर्षांनी ज्या दुकानाचं शटर अचानक खाली येतं, त्या दुकानाच्या भरवशावर तुम्ही महिन्याचा किराणा सोडाल का? तो मग पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा बघून ठेवतो. कतार जे दुधाबाबत शिकला तेच तो कांद्याबाबत करतोय. गल्फची अन्नसुरक्षा जितकी पक्की होत जाईल, तितकी निफाडच्या शेतकऱ्याला ती गिऱ्हाइकं टिकवणं अवघड जाईल.

आणि ज्यांच्या खिशात पैसाच नाही त्यांचं? त्याच २०१७ मध्ये, नोव्हेंबरात, सौदीच्या पुढाकाराखालच्या आघाडीनं येमेनची बंदरं काही आठवडे बंद केली. येमेनचा जवळपास ९० टक्के गहू बाहेरून येतो. तो थांबला, डिझेल थांबलं आणि काही शहरांत डिझेलवर चालणारे पाण्याचे पंपही बंद पडले. तिथं ना विमानानं दूध आलं, ना गायी. देश आधीच युद्धात आणि उपासमारीत होता. दार तसंच बंद झालं होतं, पण येमेनकडे दुसरं दार उघडून घ्यायची ऐपत नव्हती. कतारची गोष्ट सांगताना ही बाजू कुणी सांगत नाही, म्हणून सांगितली.

बरं, तो तुमचा गल्फवाला मित्र किंवा चुलतभाऊ. आज रात्री व्हिडिओ कॉल कराल तेव्हा त्याला एक काम सांगा. उद्या भाजी आणायला जाशील तेव्हा कांद्याच्या गोणीवर कुठल्या देशाचं नाव लिहिलंय ते बघ आणि फोटो पाठव. पाच वर्षांपूर्वी काय लिहिलेलं असायचं, तेही विचारा.