लिक्विडेशनचा लॉट स्वस्तात मिळाला, पण विकायचा कुठं? ॲमेझॉन, मीशो की ओएलएक्स?

रात्री जेवण झाल्यावर मोबाईल चाळत असताना एक व्हिडिओ समोर येतो. मोठं गोदाम, छतापर्यंत रचलेली खोकी आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहून एक जण सांगतोय, “हजाराचा माल शंभरात! ऑनलाईन कंपन्यांचा रिटर्नचा माल, घरबसल्या विका.” खाली कॉमेंटमध्ये नंबर मागणाऱ्यांची रांग.

नाहूर, भांडुप, मुलुंडकडं राहणाऱ्यांना तर हा धंदा अगदी हाताशी वाटतो. मुलुंड चेक नाका ओलांडला की ठाणे, आणि ठाण्याच्या पुढं भिवंडी. ऑनलाईन खरेदीचा बराचसा माल जिथून निघतो आणि जिथं परत येतो, ती गोदामं याच पट्ट्यात आहेत. टेम्पो सकाळी गेला तर दुपारपर्यंत लॉट सोसायटीच्या गेटवर.

पण खरी अडचण इथून पुढं सुरू होते. माल घरात आला, हॉलमध्ये खोकी रचली, आता विकायचा कुठं? बहुतेक जण ‘कुठं कमिशन कमी?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. तिथंच गणित चुकतं. कारण प्लॅटफॉर्म कमिशन बघून नाही, तर तुमच्या हातातला माल कसा आहे हे बघून निवडावा लागतो.

लिक्विडेशनचा माल म्हणजे नेमकं काय?

ग्राहकानं परत केलेला माल, सीझन संपल्यावर उरलेला माल, खोकं फाटलेला पण आतून धड असलेला माल, दुकान किंवा कंपनी बंद झाल्यावर राहिलेला माल. तो गोदामात अडवून ठेवण्यापेक्षा कंपन्या एकगठ्ठा स्वस्तात काढून टाकतात. यालाच लिक्विडेशन म्हणतात.

मुंबईला हे नवीन नाही. फॅशन स्ट्रीटवरचे ‘एक्सपोर्ट सरप्लस’ शर्ट हा त्यातलाच प्रकार. सरकारी पातळीवरही असं होतं. परदेशातून आलेला माल मुदतीत सोडवून नेला नाही, तर कस्टम्सला तो विकता येतो आणि असे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतात. तिथली अट लक्षात ठेवण्यासारखी आहे, ती म्हणजे ‘जसा आहे, जिथं आहे’. माल घेतला की तक्रार नाही.

खासगी लॉटमध्येही बहुधा हीच अट असते, फक्त ती कोणी मोठ्यानं सांगत नाही. म्हणजे तुम्ही घेताना परतीचा हक्क नाही, पण विकताना तुमच्या ग्राहकाला तो आहे. या धंद्यातली सगळी जोखीम या एका वाक्यात आहे.

आधी मालाचे तीन ढीग करा

लॉट आला की फोटो काढून लगेच ॲपवर टाकू नका. आधी वेगळा करा.

पहिला ढीग सीलपॅक मालाचा. खोकं उघडलेलं नाही, एमआरपीचं लेबल शाबूत आहे, आणि तुमच्याकडं लॉटचं पक्कं बिल आहे.

दुसरा ढीग ओपन बॉक्सचा. वस्तू चालते, पण खोकं उघडलेलं आहे, एखादी वायर किंवा झाकण कमी आहे, ओरखडा आहे.

तिसरा ढीग बंद पडलेल्या मालाचा. हा ग्राहकाला विकायचा नाही. दुरुस्तीवाल्याला पार्ट म्हणून द्यायचा, नाहीतर भंगारात.

आता प्रत्येक ढिगाचं ठिकाण वेगळं.

सीलपॅक माल : ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो

देशभरातला ग्राहक इथंच आहे. पण इथला ग्राहक ‘नवीन’ वस्तूचे पैसे देतो, त्यामुळं ओपन बॉक्स वस्तू नवीन म्हणून खपवली की परत येणारच, आणि वर खात्यावर कारवाई होण्याची भीती. शिवाय अनेक नामांकित ब्रँडची वस्तू टाकायची तर प्लॅटफॉर्म ब्रँडचं परवानगीपत्र किंवा खरेदीचं बिल मागतो. लॉट कच्च्या पावतीवर घेतला असेल तर खोकं सीलपॅक असूनही तुम्ही अडकता.

कमिशनचं काय? मीशोनं २०२१ मध्ये विक्रेत्यांसाठी शून्य कमिशन आणलं. ॲमेझॉननं एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या अनेक प्रकारच्या वस्तूंवरचं रेफरल शुल्क काढून टाकलं. ऐकायला छान आहे, पण शून्य कमिशन म्हणजे शून्य खर्च नाही. कुरिअर, पॅकिंग आणि परत आलेल्या मालाचा खर्च राहतोच.

एक छोटं गणित

हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. १०० मिक्सरचा लॉट ३०,००० रुपयांना घेतला, टेम्पोचे २,००० गेले. त्यातले २० बंद निघाले. म्हणजे विकण्याजोगा एक मिक्सर तुम्हाला ३२० ला नाही, ४०० रुपयांना पडला.

ऑनलाईन ६९९ ला लावला. शुल्क आणि कुरिअर मिळून १८० गेले, हातात ५१९ आले. वाटतं, नगामागं ११९ रुपये सुटले.

आता १० ऑर्डर पाठवल्या आणि २ परत आल्या असं समजा. उरलेल्या ८ चे ४,१५२ रुपये मिळाले. परत आलेल्या दोघांचा जाण्या-येण्याचा खर्च प्रत्येकी १५० धरला तर ३०० गेले. परत आलेल्यांतला एक मिक्सर फुटलेला निघाला, म्हणजे एकूण ९ नग संपले, त्यांची किंमत ३,६००. पॅकिंगचे नगामागं २० प्रमाणे २०० रुपये. शेवटी उरले किती? ५२ रुपये. दहा ऑर्डरमागं! यात कर धरलेला नाही आणि तुमची मेहनतही नाही.

तोच मिक्सर नाहूर स्टेशनजवळ भेटून, चालवून दाखवून ५५० ला विकला, तर नगामागं १५० रुपये सुटतात. कुरिअर नाही आणि ग्राहकानं वस्तू बघून घेतल्यामुळं परतीचा त्रासही कमी. मात्र १० मिक्सर विकायला इथं जास्त दिवस लागतील. वेग हवा की नफा, हे तुम्हाला ठरवावं लागतं.

ओपन बॉक्स माल : ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, सोसायटीचे ग्रुप

हा माल ग्राहकानं हातात घेऊन बघावा असा असतो. त्यामुळं जवळच्या जवळ विकणं उत्तम. फेसबुक मार्केटप्लेसची भारतातली चाचणी २०१७ मध्ये मुंबईतूनच सुरू झाली होती. मुलुंड, भांडुप, ठाण्यातला ग्राहक लोकलनं एक-दोन स्टेशनं येऊन वस्तू घेऊन जाऊ शकतो.

इथला नियम एकच. दोष आधी सांगा आणि फोटोत दाखवा. ‘झाकणाला ओरखडा आहे, खोकं नाही, बाकी चालू’ असं लिहिलेली जाहिरात कमी लोक उघडतील, पण जे येतील ते घेऊनच जातील.

पैसे घेताना सावध राहा. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असं कोणी म्हटलं की समजून जा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

लॉटमध्ये वापरलेले मोबाईल असतील तर विकण्याआधी प्रत्येकाचा आयएमईआय नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा फोन लॉटमधून आला हे पोलिसांना पटवत बसण्यापेक्षा दोन मिनिटं तपासलेलं बरं.

परदेशी व्हिडिओतला सल्ला इथं का चालत नाही?

यूट्यूबवरचे अमेरिकी विक्रेते सांगतात, ईबेवर टाका, पॉशमार्कवर टाका. पण भारतात चित्र वेगळं आहे. मुंबईत सुरू झालेलं बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेनं विकत घेतलं होतं. जुन्या वस्तू आणि लिलाव लोकांना तिथं ऑनलाईन दिसायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेची भारतातली साईट बंद झाली. पॉशमार्क २०२१ मध्ये भारतात आलं आणि २०२३ मध्ये परत गेलं. त्यामुळं ओपन बॉक्स मालासाठी तिकडं असतो तसा देशभराचा बाजार इथं तुम्हाला सहज मिळत नाही. तिकडचा नफ्याचा आकडा इकडं लावू नका.

जीएसटी लागतो का?

आधी ऑनलाईन प्लॅटफॉर्मवरून वस्तू विकायची तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागायचीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सवलत आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि तुम्ही फक्त महाराष्ट्रातच विकत असाल, तर पॅनवर जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेऊन विकता येतं. मीशोवर असा नंबर चालतो. पण नाशिकचा ग्राहक चालेल, सुरतचा नाही. राज्याबाहेर एक जरी नग पाठवायचा असेल तर नोंदणी हवीच.

नोंदणी असेल तर प्लॅटफॉर्म तुमच्या विक्रीतून जीएसटीचा ०.५ टक्के टीसीएस कापतो. आयकराचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. हे पैसे पुढं हिशेबात धरता येतात, पण तोवर तुमच्या हातात नसतात. लहान भांडवलाच्या माणसानं ते धरूनच चालावं.

कोणता माल घेऊच नये?

खेळणी घेताना आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. हेल्मेटचंही तेच. मार्च २०२५ मध्ये बीआयएसनं ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टशी संबंधित दिल्लीतल्या गोदामांवर छापे टाकून मार्क नसलेला माल जप्त केला होता. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या गोदामात ही वेळ येते, तर घरातल्या लॉटचं काय?

खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनांवरची तारीख बघितल्याशिवाय हात लावू नका. ऑनलाईन दिल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थाची किमान ३० टक्के मुदत किंवा एक्स्पायरीआधी ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयनं नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लॅटफॉर्मना सांगितलं आहे. स्वस्त मिळणारा असा माल बहुतेकदा तारखेमुळंच स्वस्त असतो.

आणि एक, ग्राहकानं ‘सांगितल्याप्रमाणं वस्तू नाही’ म्हणून परत केली तर ती नाकारता येत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं स्पष्ट आहे. ‘नो रिटर्न’ लिहून सुटका होत नाही.

मग सुरुवात कशी करायची?

घरातली बचत एका लॉटमध्ये घालू नका. पहिला लॉट एवढाच घ्या की सगळा बुडाला तरी मुलांची फी आणि घराचा हप्ता थांबणार नाही. व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर ॲडव्हान्स न देता गोदामात जाऊन स्वतः खोकी उघडून बघा. पक्कं बिल मागा, आणि मिळत नसेल तर तो लॉट फक्त जवळपास विकण्यापुरताच आहे असं समजून भाव करा. मग १० नग ऑनलाईन आणि १० नग हातोहात विकून बघा. महिन्याभरात परत किती आले आणि हातात किती उरले, हे वहीत लिहा.

पुढचा लॉट घ्यायचा की नाही आणि तो कुठं विकायचा, हे त्या वहीकडं बघून ठरवा. व्हिडिओतला माणूस तुमचा परत आलेला मिक्सर घ्यायला येणार नाहीये.